पोरगं रोज रात्री एकच सिनेमा पाहते, काय करू?

"ताई, रामराम. मी घाटंजी तालुक्यातला कास्तकार आहो. सात एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी अन् तूर. पोरगा एकुलता एक, चोवीस वर्साचा. बी.ए. झाला. दोन खेपा पोलीस भरती देली. पहिल्या खेपेस मैदानातच गेला, दुसऱ्या खेपेस लेखीत दोन मार्कानं राह्यला. तवापासून त्याचं बोलनं कमी झालं. दिवसा वावरात येते, सांगतलं ते काम करते. रात्री जेवन झालं का बाजेवर पडून मोबाइलात एक इंग्रजी सिनेमा पाहते. रोज तोच. मी मोजलं, सोळा-सतरा खेपा तं झालाच असन. मी मांगून उभा राहून पाह्यला. समुद्राच्या काठी लढाई हाये. शिपायाच्या अंगावर लोखंडी सांगाडा. एक शिपाई मरते, अन् हातकड्या घातलेला सामानाच्या ढिगावर जागा होते. पुन्हा मरते, पुन्हा जागा होते. एक बाई तं त्याले सोताच गोळी घालते. मी म्हनलं, बापू, याच्यात हाये काय? तो म्हने, बाबा, तुमाले नाही समजत. ताई, खरं सांगतो, मले भेव वाटते. आमच्या गावात मांगल्या साली एका जवान पोरानं जीव देला. मरन पाहू पाहू याच्या डोक्यात भलतं काही तं नाही शिरनार? मोबाइल हिसकून घेऊ का? त्याची माय म्हनते, जोतिषाले दाखवा. काय करू?"

भाऊ, रामराम.

मोबाइल हिसकावून घेऊ नका. ज्योतिषाकडेही जाऊ नका. बाकी सगळं सावकाश लिहिते, पण हे दोन आधी सांगते. आपल्याकडे रागाच्या भरात हेच होतं आणि मग पोरगं जे थोडंफार बोलत असतं तेही बंद होतं.

तुम्ही सिनेमाचं नाव लिहिलं नव्हतं. पण हातकड्या, सामानाचा ढीग आणि लोखंडी सांगाडा एवढं वाचून दाखवल्याबरोबर माझ्या भाच्याने ओळखला. 'एज ऑफ टुमॉरो', २०१४ सालचा. दिग्दर्शक डग लायमन, आणि टॉम क्रूझ व एमिली ब्लंट त्यात आहेत. हिरोशी साकुराझाका या जपानी लेखकाच्या २००४ सालच्या कादंबरीवरून तो केला आहे. भाच्याने लावून दिला, मी पाहिला. पहिल्यांदा निम्मा कळला, म्हणून दुसऱ्या दिवशी परत पाहिला. आणि दुसऱ्यांदा संपला तेव्हा मला तिसऱ्यांदा पाहावासा वाटत होता. तेव्हाच ठरवलं की तुम्हाला नीट लांब उत्तर द्यायचं.

तुम्ही मागे उभं राहून तुकड्यातुकड्यांनी पाहिला, म्हणून तुम्हाला नुसतं मरण दिसलं. गोष्ट अशी आहे. परग्रहावरून आलेल्या जिवांनी युरोपचा मोठा भाग गिळला आहे. केज नावाचा एक मेजर आहे, पण नावापुरताच. टीव्हीवर गोड बोलून लोकांना सैन्यात भरती व्हायला लावायचं, हे त्याचं काम. प्रत्यक्ष आघाडीवर जायचा हुकूम येताच तो अंग काढून घेतो, वरच्या साहेबालाच धमकी देतो. साहेब त्याला पकडतो, पळपुटा म्हणून शिक्का मारतो आणि साधा शिपाई करून पाठवून देतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर सैन्याचा तळ पडलेला आहे, तिथे तो हातकड्यांत जागा होतो. दुसऱ्या दिवशी फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरवतात. अंगावर चढवलेल्या यंत्राची बंदूक चालू कशी करायची हेसुद्धा त्याला कुणी शिकवलेलं नाही. थोड्याच वेळात तो मरतो. पण मरताना शत्रूतल्या एका वेगळ्या जातीच्या जिवाचं रक्त त्याच्या अंगावर पडतं, आणि काळ मागे फिरवायची त्यांची शक्ती त्याच्यात उतरते. डोळे उघडतो तर आदला दिवस. तोच तळ, तोच ढीग, तोच ओरडणारा सार्जंट. कालचं कुणाला काही आठवत नाही. फक्त त्याला आठवतं.

भाऊ, सगळा सिनेमा या शेवटच्या वाक्यात आहे. हेच वाक्य तुमच्या पोराला रात्री जागं ठेवतं असं मला वाटतं, आणि का ते सांगते.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी पहिलीच्या वर्गावर. पहिलीत 'अ' गिरवायला द्यायचा. लेकरू गिरवतं, ओल्या फडक्याने पाटी पुसतं, पुन्हा गिरवतं. दिवसभर हेच. संध्याकाळी बाप वावरातून येऊन विचारतो, आज काय शिकला, दाखव. तर पाटी कोरी. कितीतरी बापांनी माझ्यापाशी तक्रार केली आहे की मॅडम, आमचं पोरगं शाळेत काही लिहितच नाही. पण मला पाटी पाहायची गरज नसायची, मी हात पाहायची. पहिल्या दिवशी पेन्सिल मुठीत धरलेली असते, खराट्यासारखी. चार-आठ दिवसांनी ती तीन बोटांत येते. मग एक दिवस 'अ'चं पोट न थरथरता वळतं. पाटी रोज कोरी होते, हात कोरा होत नाही.

हा सिनेमा म्हणजे ते गिरवणं आहे. समुद्राचा किनारा ही पाटी. पहिल्या दिवशी केजला बंदूक उघडता येत नाही. पुढे पुढे तो न पाहता उजवीकडे गोळी झाडतो आणि तिथे शत्रू पडलेला असतो. इतकी पावलं पुढे, मग खाली वाक, मग डावीकडे, हे सगळं त्याला पाठ झालेलं. बाजूचे शिपाई तोंड उघडं टाकून पाहतात, कारण त्यांच्या लेखी हा कालच आलेला, काही न येणारा माणूस. त्याने ही विद्या किती मरणं मरून मिळवली ते आपल्याला ठाऊक असतं. त्या क्षणी पाहणाऱ्याच्या छातीत जे भरून येतं ना, त्यासाठी पोरं असे सिनेमे पाहतात. बंदुका आणि स्फोट वरवरचे आहेत. आवडतात, नाही असं नाही, पण सतराव्यांदा कुणी स्फोटासाठी बसत नाही.

आता तुमचं पत्र परत वाचा. तुम्ही लिहिता, "पहिल्या खेपेस मैदानातच गेला, दुसऱ्या खेपेस लेखीत दोन मार्कानं राह्यला." दोन्ही एका ओळीत, एका दमात, जणू दोन्ही सारखंच. पोलीस भरतीचं मैदान म्हणजे ५० गुण: १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. गोळा ७ किलो २६० ग्रॅमचा. त्यानंतर १०० गुणांची लेखी. पहिल्या वेळी मैदानावरूनच परत आलेला पोरगा दुसऱ्या वेळी तेच मैदान पार करतो, लेखीला बसतो आणि दोन गुणांनी राहतो. भाऊ, ही केवढी मोठी मजल आहे! १६०० मीटर म्हणजे चारशेच्या मैदानाला चार फेऱ्या. पहिल्या फेरीत जीव खाऊन पळालं की चौथीत पाय दगडाचे होतात, हे एकदा मैदानात हरल्याशिवाय कळत नाही. त्याला ते कळलं आणि त्याने ते सुधारलं. घरात हे कुणी बोलून दाखवलं का? गावात तर नक्कीच नाही. गावाने निकाल पाहिला. गावाच्या लेखी पाटी दोन्ही वेळा कोरी. रोज रात्री तो अशा माणसाची गोष्ट पाहतो ज्याची मेहनत दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. तुमाले नाही समजत बाबा, असं तो म्हणाला, ते सिनेमाबद्दलच म्हणाला असेल असं मला वाटत नाही.

एकच गोष्ट परत परत पाहण्याचं म्हणाल, तर तो आजार नव्हे. गावच्या दंडारीत पुढे काय होणार हे आपल्याला तोंडपाठ असायचं, तरी आपण घोंगडं घेऊन रात्रभर बसायचो. विक्रम-वेताळाची गोष्ट आठवा. राजा झाडावरून प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकतो, वेताळ गोष्ट सांगतो, राजाचं मौन मोडतं आणि प्रेत पुन्हा झाडावर. राजा पुन्हा झाडाकडे. लहानपणी त्या 'पुन्हा'ला आपल्याला कधी कंटाळा आला? आपण प्रत्येक वेळी वाट पाहायचो की या खेपेला राजा काय करेल.

या सिनेमाने तो 'पुन्हा' फार हुशारीने हाताळला आहे. पहिला दिवस सावकाश दाखवला आहे, सगळी माणसं, सगळी बोलणी. दुसरा त्याहून आखूड. त्यानंतर एकेक दिवस चार-दोन वाक्यांत उरकतो. आपल्याला पाठ झालेलं सगळं गाळून फक्त नवीन तेवढं दाखवतात. आणि मग मधेच एका ठिकाणी ते आपल्यालाच चकवतात. केज आणि रीटा (ती गोळी घालणारी बाई) लढाईतून निसटून एका ओसाड शेतघरापाशी पोचतात. तिथे एक हेलिकॉप्टर उभं आहे. आपल्याला वाटतं, ही दोघं इथे पहिल्यांदाच आली. केज तिला कॉफी करून देतो आणि तिला साखर किती लागते ते न विचारताच घालतो. तिचा हात तिथेच थांबतो. तिला कळतं, आणि तिच्याबरोबर आपल्यालाही कळतं, की हा इथे कितीतरी वेळा येऊन गेला आहे. मग तो कबूल करतो: इथून पुढे काहीही केलं तरी ती मरते, त्याने सगळं करून पाहिलं, म्हणून तो तिला तिथेच थांबवू पाहतो आहे. तिच्या दृष्टीने तो परका माणूस आहे, ओळख होऊन एक दिवसही झालेला नाही. त्याच्याकडे मात्र तिच्याबरोबरचे कितीतरी दिवस जमा आहेत. मी त्या ठिकाणी सिनेमा थांबवला आणि थोडा वेळ बाहेर ओट्यावर जाऊन बसले. साखरेच्या चमच्यातून एवढं सांगता येतं, हे मला फार मोठं वाटलं.

आपल्या भाषेत परतून परतून तेच होण्याला बरे शब्द नाहीतच. पहिले पाढे पंचावन्न. घाण्याचा बैल. ये रे माझ्या मागल्या. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा, आणि त्यातून सुटका मिळावी म्हणून सगळी खटपट. त्या फेऱ्यात मागच्या जन्माचं काही आठवत नाही, म्हणून तो भयाण. आठवण जागी राहिली तर तोच फेरा शाळा होतो. ही कल्पना कादंबऱ्या-सिनेमांत बऱ्याच जणांनी हाताळली आहे. १९९३ च्या 'ग्राउंडहॉग डे'मध्ये हवामानाच्या बातम्या देणारा एक आढ्यतेखोर माणूस एका छोट्या गावात २ फेब्रुवारीतच अडकून पडतो, आणि त्यात लढाई नाही.

हे मला एवढं भिडलं त्याला कारण माझे बाबा. आमचंही वावर कोरडवाहू, वर्धा जिल्ह्यात. मी सातवीत असताना एका वर्षी मिरुगाचा पहिला पाऊस दणकून आला. सगळ्या गावाने सरकी टोबली, बाबांनीही टोबली. मग आभाळ कोरडं पडलं. बाबा रोज सकाळी वावरात जाऊन धुऱ्याजवळच्या तासात बसायचे, अंगठ्याने माती उकरायचे आणि सरकी वर काढून पाहायचे. ती फुगलेली असायची, तिचं नाक फुटून पांढरा कोंब जेमतेम बाहेर आलेला असायचा आणि तिथेच करपलेला. ती सरकी ते परत मातीत ठेवायचे, वर माती ओढायचे. का, ते मला तेव्हा कळत नव्हतं. मग दुबार पेरणी. दुसऱ्यांदा त्यांनी गावाची घाई पाहिली नाही. दुसरा पाऊस पडू दिला, हातभर माती ओली झाली की नाही ते काठी रोवून पाहिलं, मगच टोबलं. त्यानंतर उभ्या आयुष्यात बाबा पहिल्या पावसाला भुलले नाहीत. आज कृषी खातं दरवर्षी सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. बाबांना तो आकडा माहीत नव्हता, पण त्या एका उन्हाळलेल्या मिरुगाने त्यांच्या हाताला तो शिकवला होता.

आता तुम्ही म्हणाल, ताई, सिनेमातल्या माणसाला पुन्हा उठायला दमडी लागत नाही. आमच्या दुबार पेरणीला बियाण्याची नवी थैली लागते, आणि ती उधारीवर येते. खरं आहे. आणि माझ्या मते या सिनेमांची ओढ लागण्याचं सगळ्यात खोल कारण हेच आहे. त्यात चूक फुकट असते. आपल्याकडे एकही चूक फुकट नाही. भरतीचं वय खुल्या गटाला २८, मागासवर्गीयांना ३३, आणि जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही. शिकवणीचे पैसे, येण्याजाण्याचे पैसे, बूट, खुराक. तुमच्या पोराला हे सगळं पक्कं ठाऊक आहे. बापाची किती पऱ्हाटी आपल्या दोन खेपांत गेली याचा हिशेब तुम्ही केला नसेल, त्याने केला असेल. ज्याच्या प्रत्येक चुकीची किंमत दुसरा कुणी मोजतो, त्याला फुकट चुका करता येणारी जागा हवीशी वाटली तर त्यात नवल काय? दोन तास त्याला ती जागा मिळते.

आता तुमची भीती. ती मी बाजूला सारणार नाही. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहता, तुमच्या गावाने मागच्या वर्षी एक पोरगं गमावलं आहे. तुम्हाला भीती वाटली नसती तरच मला काळजी वाटली असती. सिनेमा पाहून कुणी जीव देतो असं मी मानत नाही. पण तुमच्या पत्रात सिनेमापेक्षा जास्त जपायला हवं असं एक वाक्य आहे: तवापासून त्याचं बोलणं कमी झालं. त्याकडे लक्ष द्या. झोप उडाली आहे का, जेवण तुटलं आहे का, मित्रांचे फोन उचलतो का, आवडीच्या वस्तू वाटून टाकतो आहे का, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही तोंडातून जातं का. यातलं काही दिसलं तर आडून विचारू नका, सरळ विचारा: बापू, तुझ्या मनात जिवाचं बरंवाईट करायचं येतं का? असं विचारल्याने ते डोक्यात शिरतं, ही आपली चुकीची समजूत आहे. उलट मनात असलेलं माणूस त्या प्रश्नाने हलकं होतं, कारण कुणीतरी विचारलं. फवारणीचं औषध कोठ्यात उघडं ठेवत असाल तर आजच पेटीत घाला, कुलूप लावा, किल्ली तुमच्याजवळ ठेवा. आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणाऱ्या सेवेचा क्रमांक लिहून ठेवा. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री कधीही लागतो, मराठीत बोलता येतं. त्यावर पोरानेच बोललं पाहिजे असं नाही, बापानेही बोललं तरी चालतं. "हो, येतं" असं उत्तर आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा.

तुम्ही लिहिलेल्या त्या दृश्याबद्दलही सांगते. रीटा त्याला गोळी घालते, कारण तो नुसता जखमी होऊन दवाखान्यात गेला आणि त्याला दुसऱ्याचं रक्त चढवलं तर ती शक्ती निघून जाते. तिचीही तशीच गेली होती. म्हणून सरावात हातपाय मोडला की ती दिवस नव्याने सुरू करते. सिनेमात हे हसण्यावारी नेलं आहे, एकामागून एक. मला सिनेमा मनापासून आवडला, तरी हा भाग मी चांगला म्हणणार नाही. बरं चाललेल्या माणसाला ते खेळासारखं वाटतं. खचलेल्या माणसाने ते रोज पाहावं असं मला वाटत नाही. हे त्याला तुम्ही सांगायची गरज नाही, खाली मीच सांगते. पुढचं त्याला वाचायला द्या.

बाळा, तुझे बाबा तुझ्या मागे उभे राहून हा सिनेमा पाहत होते, हे तुला माहीत नसेल. त्यांना इंग्रजी कळत नाही, तरी हातकड्यांपासून गोळीपर्यंत सगळं त्यांनी मला बरोबर लिहून पाठवलं.

केज एका फेऱ्यात सगळं सोडून देतो, आठव. किनाऱ्यावर जातच नाही, मोटरसायकल घेऊन लंडनला जातो आणि दारूच्या गुत्त्यात बसतो. तिथेही ते जीव येऊन पोचतात. मला ते दृश्य फार खरं वाटलं. तू भरतीचा विषय घरात काढत नाहीस, त्यालाही आता बरेच महिने झाले.

आणि शेवटाकडे त्याला रक्त चढवलं जातं, शक्ती जाते, ते तर तुला पाठच असेल. त्यानंतर पॅरिसला जाताना त्याच्याकडे एकच रात्र असते, एकच खेप. तू आणि मी त्या रात्रीत राहतो, बाळा, पहिल्या दिवसापासून. आपल्याला गोळी घालून सकाळ परत आणून देणारं कुणी नाही. पण त्या रात्री केज रिकाम्या हाताने जात नाही. मागच्या सगळ्या दिवसांत जे कळलं ते त्याच्याबरोबर असतंच. तुझ्याबरोबरही दोन खेपा आहेत. एक वही घे. पहिल्या भरतीच्या दिवशी सकाळी किती वाजता उठलास, काय खाल्लंस, पहिली फेरी किती सेकंदांत गेली, दम कुठे तुटला, हे आठवेल तेवढं लिही. मग दुसरीचं लिही. लेखीत दोन गुण कुठे गेले: गणितात, बुद्धिमत्तेत की चालू घडामोडींत? आजपासून रोजच्या धावण्याचा वेळ त्याच वहीत लिही, चारही फेऱ्यांचा वेगवेगळा. ही वही तुझ्याशिवाय आणखी एकाने पाहिली पाहिजे, आणि तो एक माणूस बाबा असले तर बरं. सिनेमातल्या केजला जे कुणालाच दाखवता येत नव्हतं, ते तुला दाखवता येतं.

तिसरी खेप द्यायची की नाही, ते तू ठरव. दिली नाहीस तर मी तुला भेकड म्हणणार नाही. वय, पैसा आणि घरचं पाहून दुसरी वाट धरणं हाही विचारच आहे, फक्त तो मैदानाचा राग मनात धरून करू नकोस.

भाऊ, आता परत तुमच्याशी. एक काम करा. या शनिवारी दिवसभराची कामं आटोपली की त्याच्या बाजेवर बाजूला जागा करून घ्या आणि म्हणा, लाव तुझा सिनेमा, मला पहिल्यापासून पाहायचा आहे. तो 'नको' म्हणेल, लाजेल. बसून राहा. इंग्रजी कळलं नाही की त्याला विचारा, हा काय म्हणाला? तो सांगेल. सतरा वेळा पाहिलेली गोष्ट सांगायला कुणाला आवडत नाही? मधे भरतीचा विषय काढू नका, कर्जाचा काढू नका, लग्नाचा तर मुळीच काढू नका. कॉफीची जागा आली की त्याच्या तोंडाकडे पाहा. सिनेमा दोन तासांच्या आतबाहेरचा आहे, तेव्हा गुरांचं आधीच आटोपून ठेवा, म्हणजे मधे उठावं लागणार नाही. त्याच्या मायलाही बसवा, तिला झोप आली तर येऊ द्या.

आणि काय झालं ते मला कळवा. पोरानेही लिहिलं तर त्याचं पत्र वेगळं पाठवू द्या, तुमच्या पत्रात घालू नका. त्याला मी वेगळं उत्तर देईन.

तुमची ताई